मंद्याचं साडेअठरा हजारांचं अंथरूण

मंद्याने पोरीसाठी पलंग घेतला, त्याला पाय नाहीत. किंमत साडेअठरा हजार. ही बातमी शनिवारी रात्री पारावर पोचली. मंद्या यायच्या आत संज्याचा प्रश्न तयार होता, "पाय असते तर किती झाले असते?"

मंद्या आला तो मोबाईल पुढे करूनच. फोटोत पाईनच्या पट्ट्यांचं घरासारखं छप्पर, त्यावरून लोंबणारी दिव्यांची माळ, आणि खाली जमिनीलगत गादीवर दहा महिन्यांची छकुली झोपलेली. "फ्लोअर बेड. मॉन्टेसरी! आणि आतली गादी शंभर टक्के ऑरगॅनिक कॉटन."

मंद्याचं असं आहे, की तो वस्तू विकत घेत नाही, दीक्षा घेतो. मागच्या वर्षी लाकडी घाण्याचं तेल, त्याआधी सायकल. (सायकल सध्या गॅलरीत, टॉवेल वाळत घालायला.) "क्रिब, म्हणजे तो कठड्यांचा पाळणा, पिंजरा आहे रे! मूल स्वतः उठलं पाहिजे, स्वतः उतरलं पाहिजे, झोप आली की स्वतः जाऊन आडवं झालं पाहिजे. स्वायत्तता!"

"तुला अजून तुझी बायको गदागदा हलवून उठवते," संज्या म्हणाला.

अण्णांना 'मॉन्टेसरी' एवढा एक शब्द पुरतो. चाळीस वर्षं जिल्हा परिषदेची शाळा. "मॉन्टेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं. 1939 ला मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. पण आपल्या ताराबाई मोडक..." अण्णा ताराबाईंवर आले की अर्धा तास जातो. मी घाईघाईने चार कटिंग सांगितले. तरी ते ताराबाईंनी आदिवासी पोरांसाठी शाळा चालवल्या त्या कोसबाडपर्यंत पोचलेच.

"कोसबाडच्या पाड्यांवरची पोरं जमिनीवरच झोपायची ना, अण्णा?" संज्या म्हणाला. "फक्त त्यांच्या डोक्यावरचं छप्पर खरं होतं."

"तुम्हाला आपली परंपराच माहीत नाही," मंद्या उसळला. "आपली आजी-पणजी जमिनीवरच..."

"परंपरा मला नको सांगू." संज्याचं गाव महाडकडचं. "पावसाळ्यात मण्यार अंथरुणात शिरते. चावलेलं कळतसुद्धा नाही, पहाटे माणसाच्या पापण्या उघडत नाहीत तेव्हा घरात रडारड. विंचवावर तर आमच्या बावस्कर डॉक्टरांनी उभं आयुष्य घातलं. आजी मच्छरदाणी चारी बाजूंनी गादीखाली खोचायची ती काय नुसत्या डासांसाठी?"

"पाचव्या मजल्यावर मण्यार?"

"का? लिफ्ट आहे की."

मग राजमाची निघालंच. 2011 चा ट्रेक. सारवलेल्या जमिनीवर सगळे घोरत होते आणि हा परंपरेचा पाईक रात्रभर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, कारण खाली 'काहीतरी वळवळतंय'. सकाळी कळलं, ती संज्याच्या सॅकची नाडी.

इतक्यात वैशाली वहिनी सेकंड शिफ्ट संपवून संज्याला न्यायला आल्या. पंधरा वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स. त्या उभ्या उभ्या ऐकत होत्या. मंद्याने त्यांच्यासाठी ठेवणीतला बाण काढला. "वहिनी, अमेरिकेत 2011 पासून खाली सरकणाऱ्या कठड्याच्या क्रिबवर बंदी आहे. आता बोला."

"का घातली बंदी, भावजी?"

मंद्या गप्प.

"कठडा निखळून फट पडायची, बाळ त्यात अडकायचं. फट वाईट. तुमच्या गादीत आणि भिंतीत फट किती आहे?"

"असेल... हाताएवढी."

"मग कठड्याचे पैसे वाचवून तीच फट घरी आणलीत."

अण्णा खोकल्यासारखं हसले. वहिनींनी फोटो मागून घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला. "ही माळ काढा. हाताला लागली की गळ्यात जाते. डोक्याखाली ही काय, राईची उशी?"

"आईने ठेवली. डोक्याला आकार यावा म्हणून."

"आईंना म्हणावं, आकार तुमच्या मुलाच्याही डोक्याला आला नाही. काढा ती. बाजूचे लोडसुद्धा. वर्षाच्या आतलं बाळ सपाट, घट्ट गादीवर उताणंच निजवायचं, जवळ काही मऊ नको. एकदा ते आपलं आपण दोन्हीकडे वळायला लागलं, की मग झोपेत पालथं झालं तर होऊ द्यायचं. आणि ते कपाट?"

"कपाटाचं काय?"

"भिंतीला ठोकलंय? नाही ना. रांगती पोर रात्री उठणार, खण धरून उभी राहणार. पाळण्याचा कठडा काढलात ना, मग आता अख्खी खोली पाळणा झाली. प्लगची भोकं, पडद्याची दोरी, सगळं आलं त्यात. स्वायत्तता तिची आणि जाग तुमची."

मंद्या चहात बिस्कीट बुडवून विसरला. ते तळाला गेलं.

"वाईट नाही हो कल्पना," वहिनी जरा नरमल्या. "पलंगावरून पडलेली बाळं आमच्याकडे येतच असतात, इथे निदान उंची नाही. पण गादी रोज उचलता का? आपले लोक सकाळी वळकटी करायचे ते दहा बाय दहात जागा हवी म्हणून खरंच, पण त्यामुळे खाली ओल धरत नव्हती. जुलैत बघा, खालून काळी बुरशी."

मला हे पटलं. घरी जाऊन आमची सतरंजी उलटून बघायची, असंही ठरवलं.

"गादी मात्र घट्ट आहे," मंद्या शेवटचा किल्ला लढवत होता. "पिंजून भरलेला खरा कापूस. कुठे मिळते आता अशी?"

वहिनींची बोटं फोटोवर थांबली. चादरीचा कोपरा सरकला होता. खाली निळे पट्टे आणि त्यावर मार्करने काहीतरी.

"अहो, हे काय लिहिलंय बघा."

संज्याने मोबाईल हिसकावला. "सं. 114! माझी हॉस्टेलची गादी! 2014 ला शिफ्टिंगच्या वेळी दोन दिवसांसाठी नेली होतीस!"

"ऑरगॅनिकच आहे ना पण," मंद्या पुटपुटला.

"दे परत. उद्याच्या उद्या दे."

"देतो रे. पण..." मंद्या उठून चप्पल शोधायला लागला. "फ्रेममध्ये बसत नव्हती म्हणून थोडी कापलीय."

"किती?"

"एकशे चौदातला चार राहिला नाही."

"मघाशी तर चार दिसत होता!"

"तो फोटो जुना."

अण्णांच्या नाकातून चहा आला.