अपडेट म्हणे!

झालं, आला राहायचे ट्रेलर (चाकांवरची घरं) उभे करायच्या रिसॉर्टवाल्यांचा ‘प्रवास अपडेट’! पॅनकेकच्या नाश्त्याचे फोटो भरपूर, रस्त्याबद्दल अवाक्षर नाही. अहो, अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा ‘फ्रान्सिस स्कॉट की’ पूल २६ मार्च २०२४ला कोसळलाय. उरले बंदराखालचे दोन बोगदे; त्यांत १० पौंडांहून मोठं प्रोपेन गॅसचं सिलिंडर चालत नाही, आणि ट्रेलरवर असतात २० नाहीतर ३० पौंडांची. व्हॉल्व्ह बंद केला म्हणून सूट नाही. म्हणजे आय-६९५ या शहराभोवतीच्या रिंगरोडने पश्चिमेकडून वळसा. हे कोण सांगणार?

वर ‘फुल हुकअप’ (ट्रेलरला वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी)! अरे, ३० अँपिअर की ५०, तेवढं लिहा ना. ३०ला १२० व्होल्टवर जेमतेम ३,६०० वॉट. दोन एसी लावले की ब्रेकर पडलाच. ५०ला १२० व्होल्टच्या दोन लाइन, म्हणून १२,००० मिळतात. बिंगोची वेळ मात्र ठळक टाइपात!