खुलासा: महारेरा क्रमांक म्हणजे इमारतीच्या कागदांची हमी नव्हे

‘महारेरा नंबर आहे ना, मग बिनधास्त टोकन द्या,’ असा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. महारेरा म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखाली गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. डोंबिवलीतल्या 65 इमारतींच्या प्रकरणात पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेरा नोंदणी मिळवली गेली होती. 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले.

क्रमांक महारेराच्या साइटवर टाका, तिथलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे सीसी, उतरवून घ्या आणि त्याचा क्रमांक व तारीख महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळा. सीसीतली मजल्यांची ओळ नीट वाचा. अनेकदा ती ‘जोत्यापर्यंत’ किंवा ‘सातव्या मजल्यापर्यंत’ असते आणि विक्री चालू असते चौदाव्याची! वरच्या मजल्यांची मंजुरी येईलच, हे सेल्समनचं बोलणं, कागद नव्हे. नोंदणी टप्प्यानुसार वेगळी असू शकते, म्हणून ए विंगचा क्रमांक सी विंगला चालतो असं धरू नका.

आणि टोकन? नोंदणीकृत करारनाम्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. रेरा कायद्याचं कलम 13.