बहिणीच्या सासरच्या ग्रुपवर फिरलेल्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडला. तिचा नऊ वर्षांचा मुलगा वाढीत मागे आहे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मेसेज असा: 'घराण्यात आधी कोणी मतिमंद नसेल तर दोष आनुवंशिक नसतो, आईने गरोदरपणी ग्रहण पाळलेलं नसतं. नवरा-बायकोचा रक्तगट एक असला किंवा नात्यात लग्न झालं तरी अशी मुलं होतात. ब्राह्मीने सहा महिन्यांत बरी होतात.' बहिणीने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'ताई, त्या दिवशी मी भाजी चिरली होती गं.'

नऊ वर्षं ही बाई त्या सुरीचा हिशोब करत बसली आहे!

ग्रहणाने जनुक बदलत नाही. रक्तगट एक असल्याने मूल असं होत नाही. नात्यातल्या लग्नाचं म्हणणं निम्मं खरं आहे, तेवढं मान्य करते: आई आणि बाप दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होणारे काही आजार अशा लग्नांत जास्त दिसतात. पण बहिणीचं लग्न नात्यात झालेलं नाही, आणि भाच्याच्या आजाराला ते लागतही नाही.

त्याला फ्रॅजाइल एक्स आहे. आनुवंशिक बौद्धिक अक्षमतेचं हे सर्वांत जास्त आढळणारं कारण. एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीजीजी ही डीएनएची तीन अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ४४ वेळांपर्यंत ठीक. ५५ ते २०० म्हणजे वाहक, माणूस बुद्धीने चारचौघांसारखा. २००च्या वर जनुकच बंद पडतं आणि मेंदूला लागणारं प्रथिन बनत नाही. आईकडून मुलाकडे जाताना हा आकडा एका पिढीत उडी घेऊ शकतो. म्हणून 'आधी कोणी नाही' अशा घरातही असं मूल जन्मतं. १९४३ साली मार्टिन आणि बेल या संशोधकांनी एका ब्रिटिश कुटुंबाची वंशावळ छापली: दोन पिढ्यांत ११ पुरुष बाधित, त्यांच्या आया धडधाकट. हे जनुक १९९१ मध्ये सापडलं.

आणि आमच्याकडे खुणा नव्हत्या असंही नाही. काही वाहकांना उतारवयात थरथर सुटते, काही वाहक बायकांची पाळी लवकर जाते. बाबांचे हात थरथरतात. चहा सांडतो म्हणून आई कप अर्धाच भरते. माझी पाळी अडतिसाव्या वर्षी गेली. एकाला आम्ही वय म्हणालो, दुसऱ्याला टेन्शन. वंशावळ मांडताना जनुकतज्ज्ञ बाईंनी दोन्हींवर बोट ठेवलं, मग तपासण्या झाल्या. बाबा वाहक निघाले. त्यांचा एकुलता एक्स आम्हा दोघी बहिणींना मिळणारच होता. भावाला त्यांचा वाय मिळाला, तो सुटला.

भाच्याची पहिली गुणसूत्र तपासणी नॉर्मल आली होती. तेवढ्यावरच 'आनुवंशिक नाही' असं घरात ठरून गेलं. त्या तपासणीत हा दोष सहसा कळत नाही. फ्रॅजाइल एक्सची डीएनए चाचणी वेगळी, ती नाव घेऊन मागावी लागते.

ब्राह्मीचं म्हणाल तर हा आजार मुळातून बरा करणारं औषध आज नाही. थेरपीने मुलं शिकतात, सावकाश शिकतात. शर्टाची बटणं लावायला भाच्याला दोन वर्षं लागली. आता कोणी मदतीला हात पुढे केला तर तो ढकलून देतो.

माझी लेक चोवीस वर्षांची आहे. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. स्थळं बघायला लागण्याआधी तिने आपणहून रक्त दिलं. रिपोर्ट यायचा आहे.