झालं का?

चित्रकाराला लोक हमखास विचारतात, "तुम्हाला सुचतं कसं?", असं मला बरेच दिवस वाटायचं. मुलाखती वाचून झालेला गैरसमज. पंचवीस वर्षं जलरंग चोळतोय, पण हा प्रश्न मला दोनदाच विचारला गेला. त्यातला एकदा दातांच्या डॉक्टरांनी, मी आ वासून बसलेलो असताना. बाकी सगळे विचारतात ते एवढंच, "झालं का?"

परवा मेणवलीला गेलो होतो. वाईपासून तीनेक किलोमीटर. कृष्णाकाठचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, मेणेश्वराचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक. सकाळचं कोवळं ऊन त्या पायऱ्यांवर तिरकं पडतं, ते मोजून वीस-पंचवीस मिनिटं. एवढ्यासाठी पुण्यातून पहाटे चारला स्कूटर काढायची. पायात बोर्ड, खांद्याला झोळी आणि पाठीला पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ईझल, म्हणजे चित्राचा बोर्ड ठेवायची तिपाई. कात्रजला पोलिसाने हात केला. सामानावरून बॅटरी फिरवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?" मी म्हटलं, "कोणी नाही, चित्रं काढायला चाललोय." त्याला हे पहिल्यापेक्षा जास्त संशयास्पद वाटलं. लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स सगळं बघून झालं.

घाटावर ईझल उभं केलं, बोर्डाला कागद टेपने चिकटवला, पाणी भरून घेतलं. पेन्सिल हातात घेतोय तोच आंघोळ करून वर येणारे एक आजोबा पंचा पिळत थांबले.

"झालं का?"

कागद कोरा होता. मी तो त्यांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि समोरच्या पायरीवर बैठक मारली. नेमकी तीच पायरी मला काढायची होती.

मेणवलीकरांना तसं नवल कशाचं नाही. तिथे सिनेमाची शूटिंगं इतकी झाली आहेत की तिपाई दिसली की पोरं जमतात. "कुठल्या पिक्चरचं?" मी म्हटलं, "माझ्याच." हे मी विनोद म्हणून म्हटलं होतं. पंधरा मिनिटांत गर्दी दुप्पट झाली आणि एकाने हिरॉइन कधी येणार ते विचारलं. हिरॉइन नाही म्हटल्यावर गर्दी पांगली. जे उरले ते खरे रसिक. म्हणजे शाळेला दांडी मारलेले दोघे, आणि ते आजोबा.

आता इथे जलरंगाची अडचण सांगायला हवी, नाहीतर माझं दुःख तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तेलरंगवाल्यांचं बरं असतं. चुकलं की खरवडा, वरून फासा, महिनाभर घोळत बसा. आमच्यात पांढरा रंग जवळपास वापरायचाच नाही. उजेड हवा तर तेवढा कागद कोरा सोडायचा. म्हणजे चित्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपण काढतच नाही, ती चुकून रंगवली जाऊ नये म्हणून नुसते धडपडत असतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलट वाट नाही. ओल्या कागदावर रंग सोडला की तो उदक सोडल्यासारखाच, परत मागता येत नाही. त्यात कॉटनचा जाड ताव सात-आठशे रुपयांना पडतो. मी त्याचे चार तुकडे करतो, म्हणजे चूक दोनशेत भागते. उन्हाळ्यात ब्रश डबीतून कागदापर्यंत येईतो रंग वाळतो. पावसाळ्यात सोमवारी मारलेला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, गुरुवारी ओला असतो आणि शनिवारी त्यावर बुरशी येते. थंडीचे दोन महिने हवा अगदी बेताची असते. नेमके तेव्हाच ग्रेड परीक्षेतले पास-नापास पालक भेटायला येतात.

ग्रेड परीक्षा म्हणजे शाळेतल्या पोरांच्या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. माझं घर त्यांच्यावर चालतं, चित्रांवर नाही. इंटरमिजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, बी ला ५, सी ला ३. कलेची इतकी नेमकी किंमत जगात दुसऱ्या कोणी लावली असेल असं मला वाटत नाही. एक आई मला स्पष्टच म्हणाल्या, "सर, त्याला फार नका शिकवू. सात मार्कांपुरतं बघा." त्यांच्या मुलाला स्मरणचित्रात 'भाजी मंडई' दिली की तो सगळी माणसं पाठमोरी काढतो. विचारलं तर म्हणाला, "नाक जमत नाही." मी त्याला काही बोललो नाही. माझ्याही घाटावर कोणाला नाक नसतं.

ते त्या दिवशी अंगाशी आलं. खालच्या पायरीवर एक मावशी धुणं धूत होत्या. मला बघून ओरडल्या, "मला नगो काढू बाबा, अवतार बघ माझा!" पण ती लाल लुगड्याची जागा इतकी अचूक होती की तिच्याशिवाय घाट ओकाबोका दिसला असता. मी काढलं. जलरंगात लांबचं माणूस काढायची एक युक्ती असते, सगळेच शिकवतात. गाजर काढायचं, निमुळतं टोक खाली, आणि वर एक ठिपका. झालं माणूस. मावशी धुणं पिळून वर आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"ही मी?"

"हो."

"काढू नगो म्हनलं हुतं. आन् काढलं तर निदान पाय तरी काढायचे."

आजोबा पायरीवरून म्हणाले, "झालं नाही अजून." त्यांनी माझी बाजू घेतली याचं मला इतकं भरून आलं की आभाळात थोडा जास्तच निळा गेला.

निळ्यावरून आठवलं. प्रशियन ब्लू हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये चुकून सापडला. करणाऱ्याला लाल रंग करायचा होता. भट्टीत काहीतरी भेसळ झाली आणि निघाला निळा. ही गोष्ट मी वर्गातल्या पोरांना दरवर्षी रंगवून सांगतो, कारण माझ्या बहुतेक चित्रांचा इतिहास हाच आहे. फरक एवढाच की त्याच्या चुकीला जगाने डोक्यावर घेतलं, माझ्या चुका माळ्यावर आहेत. माळ्यावर सध्या एकशे चाळीस चित्रं आणि एक पाळणा आहे. पाळणा अजून उपयोगी पडतो, शेजारीपाजारी मागून नेतात.

कधीतरी एखादं काम सांगून येतं. गेल्या दिवाळीआधी एक गृहस्थ आले. म्हणाले, "आम्हाला ते रविवर्माचं दिव्याचं चित्र पाहिजे. बाई हातात समई घेऊन उभी असते ते." या वाक्याची मी आयुष्यभर वाट बघत होतो. मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि सुरू झालो. ते चित्र रविवर्म्याचं नाहीच, रविवर्मा १९०६ मध्येच गेले. ते आपल्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं, म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. आणि तेलरंग नव्हे, जलरंग! स्वतःच्या मुलीला समोर उभं केलं होतं त्यांनी. ज्योतीवर आडवा धरलेला तो हात बघा, बोटांच्या फटींतून लाल उजेड कसा झिरपतो. तेवढ्या लाल उजेडासाठी माणूस जन्म घेतो हो, असं काहीतरी मी म्हणालो असेन, कारण चहा गार झाला होता.

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं का? मग तर सोपंच झालं. जलरंग तुमचाच. त्यात आमच्या सूनबाईंचा चेहरा टाका. आणि साडी मरून घ्या, सोफा मरून आहे."

चेहऱ्यासाठी व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यात सूनबाई महाबळेश्वरला गॉगल लावून कणीस खात होत्या. गॉगलमागच्या डोळ्यांचा अंदाज करता येईल, पण दिव्याच्या उजेडातल्या हाताचा अंदाज कसा करायचा? शेवटी बायकोला उभं केलं. खोलीत अंधार केला, हातात निरांजन दिलं, "हात ज्योतीसमोर धर" म्हटलं. हळदणकरांची मुलगी किती शांत उभी राहिली असेल ते त्या चित्रावरून कळतं. आमच्याकडे तिसऱ्या मिनिटाला "दूध गॅसवर आहे" आणि चौथ्या मिनिटाला "झालं का?" पाचव्या मिनिटाला तिने पदर सावरला आणि निरांजन विझलं. तेवढ्यात मी बोटांचा लाल पकडला होता. खरंच पकडला होता. अंगठ्याच्या मुळाशी किंचित नारिंगी, मधल्या बोटाला गडद, नखाजवळ जवळजवळ कागदाचाच पांढरा. त्या रात्री मी जेवताना तिच्या हाताकडे इतका वेळ बघत होतो की तिला वाटलं पोळी करपली.

चित्राला महिना लागला. गृहस्थांचा दर तिसऱ्या दिवशी निरोप, "झालं का?" आणि पुढे दोन हात जोडलेले. दिवाळीच्या आदल्या दिवशी नेऊन दिलं. घरातले सगळे सोफ्यासमोर उभे राहिले. सूनबाई म्हणाल्या, "चेहरा माझाच आहे." सासूबाई म्हणाल्या, "हात दुसऱ्याचे वाटतात." बायकोला हे घरी येऊन सांगितलं तेव्हा तिला फार आनंद झाला. ते चित्र आता कुठे आहे माहीत नाही. सोफा बदलला, एवढं कानावर आलं.

तर मेणवली. आठ वाजून गेले होते, ऊन वर चढलं होतं, पायऱ्यांवरच्या सावल्या आखडत चालल्या होत्या. माझं आभाळ जरा जास्त निळं असलं तरी देऊळ बसलं होतं. पायऱ्यांचा कोरा सोडलेला कागद उन्हासारखा दिसायला लागला होता. गाजरालासुद्धा मी दोन पाय काढून दिले होते. पाण्यातल्या सावलीचा एक फटकारा तर असा गेला की तो पुन्हा मारायला सांगितलं तर मी शहर सोडून जाईन. अशा वेळी चित्रकाराच्या मनात एकच प्रश्न असतो, आणि तो स्वतःलाच विचारायचा असतो. आमचे एक मास्तर म्हणायचे, जलरंगाला दोन माणसं लागतात. एक रंगवायला आणि दुसरा वेळेवर हात धरायला.

दुसरा माणूस म्हशी घेऊन आला. पाच म्हशी, डोक्याला टॉवेल, तोंडात काडी. सकाळपासूनचा हा पहिलाच माणूस, ज्याने मला काहीही विचारलं नाही. बराच वेळ माझ्या मागे उभा राहिला. एकदा घाटाकडे बघितलं, एकदा कागदाकडे. मग काडी तोंडातून काढली.

"झालं की."

मी दचकून चित्राकडे बघितलं. झालं होतं. खरोखरच झालं होतं. कुठे काही कमी नव्हतं, मुख्य म्हणजे जास्त नव्हतं. मी ब्रश पाण्यात बुडवला, फडक्याला पुसला, टेपचं टोक नखाने उचकटायला घेतलं.

आणि तेव्हाच मला वाटलं, कळसावर एक छोटासा भगवा हवा. नुसता एक टिपका. शिक्षण झालेलं असलं की असं वाटतं. ब्रशला रंग लावला, श्वास रोखला, टेकवला. आभाळ तिथे अजून ओलं होतं. टिपका दोन क्षण टिपक्यासारखा राहिला. मग हातपाय पसरायला लागला, निळ्यात शिरला, डावीकडे वळला. मी फडकं टेकवलं तर त्याने उजवीकडूनही वाट काढली. मिनिटभरात मेणेश्वराच्या देवळाला आग लागली आणि धुराचा लोट वाईच्या दिशेने निघाला.

दांडीवाली पोरं पुढे सरकली. आजोबा पहिल्यांदाच पायरीवरून उठले. मावशीने लांबूनच विचारलं, "आता काय केलं त्यानं?"

म्हशीवाल्याने शांतपणे सगळं बघितलं. काडी परत तोंडात घातली आणि म्हशींना पाण्याकडे वळवत म्हणाला,

"आता पुन्यांदा सुरू केलं व्हय?"