ग्रामसभेला कसं जाऊ नये

गावाच्या विकासात सहभागी व्हायचं मनात आलं असेल, तर आधी एक पथ्य पाळा. विकास जिथे ठरतो तिथे फिरकू नका. तो ग्रामपंचायतीच्या सभागृहात ठरतो आणि तिथे चालू पंखा एकच असतो, तोही सचिवाच्या डोक्यावर. (सरकारने त्यांचं पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं म्हणतात, पण आपल्याकडे सचिव तो सचिवच.) तुम्ही आपले पानठेल्यावर बसा. तिथून सगळं दिसतं. कोणती नाली तुंबली, कोणाच्या दारापुढे फरसबंदीचे गट्टू लागले, कोणाचं दार पाहून वळले, गावाच्या कमानीत सिमेंट किती गेलं आणि कागदात किती गेलं. हा अभ्यास घोटभर चहावर रोज होतो, त्याला अध्यक्ष लागत नाही आणि आभारप्रदर्शनही नसतं.

आता कायद्याची थोडी अडचण आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली आणि ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम ७ तर वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायला लावतं, आणि मतदार यादीत नाव असलेला जो तो ग्रामसभेचा सदस्य. म्हणजे निवडून न येताही तुम्ही सदस्य आहात. पण घाबरून जाऊ नका. सभेच्या ठरलेल्या तारखा आपल्या बाजूने आहेत.

२६ जानेवारीला वावरात कापसाचा वेचा चालू असतो, बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांना सोडून येता येत नाही. १ मेला ऊन पंचेचाळिशीला टेकलेलं आणि भावकीत कुठे ना कुठे लग्न. १५ ऑगस्टला निंदण आणि फवारणी. त्यातून पाऊस असला तर पावसामुळे जमलं नाही, नसला तर "इथं पानीच नाही, सभा घेऊन काय करता?" २ ऑक्टोबरचं तर विचारूच नका. सोयाबीन सोंगून पडलेलं, आभाळ भरून आलेलं, थ्रेशरवाला सकाळपासून "येतोच" म्हणतोय. त्या दिवशी सभेत बसलेला कास्तकार दिसला तर समजा, वावर मक्त्याने दिलेलं आहे. यात मौज अशी की यातलं एकही कारण खोटं नाही. खऱ्या कारणावर सुटका होत असताना खोटं बोलायचं कशाला?

तुमच्या न जाण्याने गावाचं काही अडेल, ही भीती मनातून काढा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यात जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला गणपूर्तीची अटच नाही! त्यामुळे पहिली सभा कोणालाच नको असते. ती होऊन जाते, एखाद्या विधीसारखी, आणि खरं काम दुसऱ्या सभेत सात-आठ समंजस माणसं उरकतात. तुम्ही गेला असता तर उगाच गर्दी झाली असती.

उपस्थितीची काळजी नको. ती घरी येते. चपराशी रजिस्टर घेऊन बैलाच्या गोठ्यापर्यंत येतो.

"भाऊ, इथं सई करा बरं."

"कायची व्हय?"

"मांगच्या सभेची."

"मी त नव्हतो ना."

"म्हनूनच त घरी आनलं!"

अशा वेळी हात धुऊन सही करा. शेणाचा डाग पडला तर सरकारी कागद खराब होतो. सह्यांच्या वर ठरावाची जागा कोरी दिसली तर तिकडे टक लावून पाहू नका. कोऱ्या जागेत वाचण्यासारखं काही नसतं, आणि पुढे जे येणार आहे ते अजून आलेलं नसतं.

घरातल्या बायांना मात्र महिला सभेला अवश्य पाठवा. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घ्यावी लागते आणि तिचा फोटोही लागतो. राज्यात २०११ पासून पंचायतीतल्या अर्ध्या जागा महिलांच्या, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी सरपंच बाई असतात आणि त्यांचे यजमान महिला सभेला जातीने हजर असतात. एखादीने हापशीचा विषय काढला, दोन हंड्यांसाठी पहाटे चारला उठावं लागतं असं काही बोलली, की यजमान वहीत लिहून घेतात आणि म्हणतात, "बाई, हे आपण मोठ्या सभेत घेऊ." मोठ्या सभेचं काय होतं ते वर आलंच आहे.

गावाचा विकास आराखडा हाही पाहायचा पदार्थ नाही. "आमचं गाव, आमचा विकास" असं त्याचं नाव आहे, आणि गावाने शिवारफेरी काढून, बसून, बोलून तो करावा अशी कल्पना. तो तालुक्याच्या गावी एखाद्या कॉम्प्युटरवर, शेजारच्या गावाचं नाव खोडून तयार होत असेल, तर त्यात वेळ किती वाचतो ते पाहा. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी पंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के वाटा पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधून ठेवला होता. हे माहीत नसलेलं बरं. माहीत झालं की माणूस नालीकडे पाहायला लागतो. नाली कुठून निघते, कुठे जाते, आणि मधेच एका भिंतीला टेकून का संपते, असले प्रश्न सुचतात. खर्चही ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर दिसतो, कोणालाही, मोबाईलवर. पण मोबाईलचा डेटा दिवसाला ठरलेलाच मिळतो, आणि रात्री क्रिकेट असतं.

रस्त्याचं मात्र कौतुक करा. गल्लीतला सिमेंट रस्ता पाहा. पहिला झाला तेव्हा घरांच्या ओट्याला दोन पायऱ्या होत्या. त्याच्यावर दुसरा थर आला तेव्हा एक राहिली. तिसरा आला, आणि आता कोपऱ्यावरच्या म्हातारीला रस्त्यावरून घरात उतरावं लागतं. खोदून काढायला पैसे नसतात, वरून ओतायला असतात. पहिल्या पावसाआधी ती युरियाच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून उंबऱ्याशी रचते, तरी पाणी चुलीपर्यंत जातंच. विकास घराघरात पोचला पाहिजे असं भाषणात म्हणतात, तो तिच्याकडे दरवर्षी जूनमध्ये पोचतो.

एवढं वाचून कोणी म्हणेल, आपल्या गावाला सार्वजनिक कामाची आवडच नाही. साफ खोटं. सप्ताह बघा. काल्याच्या महाप्रसादाला गणपूर्ती मोजावी लागत नाही. वर्गणी दारोदार, पावती फाडून. ज्याने दिली नाही त्याचं नाव न घेता सगळ्यांना कळेल असं माइकवर. चुलीच्या नाल्या पोट्टे आदल्या रात्री खणतात, आणि त्यांचा उतार बरोबर असतो हे लक्षात घ्या. वांग्याच्या भाजीला तेलाचे पिपे किती लागले, बुंदीला साखर किती, पत्रावळी किती आणल्या, किती उरल्या, उरलेल्या कोणाच्या घरी आहेत, हे सगळं दुसऱ्या दिवशी पारावर वाचून दाखवतात. चाळीस रुपयांचा मेळ लागत नाही म्हणून तिथे दिवेलागणीपर्यंत भांडण चालतं, जुन्या वह्या निघतात, साखर कोणत्या दुकानातून आली ते विचारायला एक जण मोटारसायकलवर पिटाळला जातो. आणि हीच माणसं लाखांच्या आराखड्यावर गोठ्यात उभ्या उभ्या सही करतात. आपापल्या जागी दोन्ही बरोबर आहे. महाप्रसाद आपल्या पैशांचा असतो, आराखडा सरकारच्या. सरकारचे पैसे कोणाचे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

मधेच एखाद्याला सुचतं की काल्याच्या पंगती बसण्याआधी आराखडाही माइकवर वाचून दाखवू, एवढी माणसं आयती जमतात. कडाडून विरोध करा. देवाच्या कामात राजकारण नको.

स्वच्छतेच्या कार्यक्रमाला जायला हरकत नाही. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. ते आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. आपण क्रम थोडा बदलला आहे: आधी भाषण, मग फोटो. खराटा नवा असावा, जागा आधीच झाडलेली असावी.

ग्रामसभा चुकवू नये असा एकच प्रसंग, घरकुलाच्या यादीचा. त्या दिवशी थ्रेशर थांबतं, वेचा थांबतो, पुण्याला गेलेला मुलगाही येतो. आपलं नाव आहे का ते पाहा, शेजाऱ्याचं का आहे ते विचारा, आणि पुढचा विषय निघायच्या आत उठा.

एका गावापासून मात्र जपून राहा. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) म्हणून आहे. तिथली माणसं ग्रामसभेत बसून सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत राहतात, अभ्यासगट करून कायदे वाचतात, आणि "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं उघड म्हणतात. अशा सवयींमुळे २००९ मध्ये त्यांच्या पदरात सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क पडला आणि २०११ पासून बांबूच्या वाहतुकीचे परवानेही ग्रामसभाच देऊ लागली. मग हिशोब ठेवणं आलं. म्हणजे पुन्हा बसणं आलं. गडचिरोलीला सोयरीक असेल तर रस्त्यात तिथे चहाला थांबू नका.

इतकी काळजी घेऊनही गावात एखादं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं पोट्टं निघतंच. ते कलम ७ पाठ करून येतं आणि तहकूब सभेत उभं राहून मागच्या ठरावाची नक्कल मागतं. त्याच्यावर रागावू नका, त्याला पुढच्या सप्ताहाचा खजिनदार करा. तेलाच्या पिप्यांत ते चांगलं रमेल. त्यातूनही वर आलं, तर निवडणुकीत आपल्या वॉर्डातून बिनविरोध सदस्य करून टाका. पहिल्याच वर्षी वॉर्डात गट्टू येतील, त्याच्या दारापासून सुरू होतील, आणि त्याच्या काकाच्या दारापाशी निधी संपेल.