गव्याला हॉर्न मारणाऱ्यांनो, चांदोलीला येऊ नका

आज सकाळी ग्रुपवर एक क्लिप आली. चांदोलीकडच्या रस्त्यावर कडेला गवा चरतोय आणि गाडीतला बहाद्दर हॉर्नवर हॉर्न मारतोय. कशासाठी? त्यानं मान वर करावी, फोटो नीट यावा म्हणून. मागं सगळे खिदळतायत. खाली लिहिलंय, 'बाकी काही दिसलं नाही, नुसती झाडं.'

नुसती झाडं! अरे, ती झाडं बघायलाच तर जायचं असतं.

सह्याद्रीतलं हे चांदोलीचं रान १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान, मग कोयना अभयारण्यासकट व्याघ्र प्रकल्प आणि २०१२ ला युनेस्कोचा जागतिक वारसा. हे सगळं फोटोसाठी झालं नाही. वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवर, जांभा दगड उघडा पडलाय, माती नावालाच. पण त्याच्या कुशीतल्या घळीत उतरा. पिढ्यान् पिढ्या साचलेल्या पाचोळ्यावर जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा एकमेकांत फांद्या घालून उभे आहेत. वाऱ्याच्या तोंडावरचं झाड बुटकंच राहतं, त्यामुळं उंचीवरून वय ठरवू नका.

जुनं रान ओळखायचं तर आधी वर बघा. दोन झाडांच्या फांद्या जिथं भिडतात तिथं काटक्यापानांचा मोठा गोळा दिसला, तर ते शेकरूचं, म्हणजे झाडावरच्या मोठ्या खारीचं घरटं. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. मधलं एक झाड पडलं तरी त्याची वाट तुटते. मग खाली बसून पाचोळा हलकेच बाजूला करा. वरची पानं कोरडी, त्याखालची काळपट, त्यांना बुरशीचे पांढरे धागे चिकटलेले, आणि त्याखाली ओल. पाचोळा परत होता तसा पसरून ठेवा. या रानाला लागूनच असलेल्या वारणा धरणात ३४.४० टीएमसी पाणी मावतं. ते पाणी पावसाचंच, पण डोंगराची माती त्याच्याबरोबर फारशी धरणात येत नाही ती या रानामुळं. त्या पाण्यावरचा आपला ऊस कुणाच्या जिवावर उभा आहे, हे त्या हॉर्नवाल्याला कुणीतरी सांगा.

मान्य, सोयी कमी आहेत. आणि हो, या रानासाठी आतली गावं उठवली, त्या लोकांचा राग खरा आहे. ज्या गवतात आज गवे चरतात ती कुणाची तरी भातखाचरं होती. शेजारी दगडी जोतं असतं, परड्यातला फणस अजून धरतो. घरदार सोडून गेलेल्यांच्या त्या जागेत निदान आवाज तरी खाली ठेवा.

कळप रस्ता ओलांडत असेल तर लांबच थांबा, इंजिन बंद करा, शेवटचं वासरू जाईपर्यंत हलू नका. हॉर्न वाजला की कळप फुटतो, वासरू एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला राहते, मग ती गाडीवरच वळते. नर तर हजार किलोच्या घरात जातो, तुमच्या गाडीचा पत्रा त्याला काय लागणार!

ज्यांना खरंच यायचंय त्यांनी पेठ नाक्यावरून शिराळा, कोकरूड, चरण, आरळा करत वारणावती गाठावं, पुढं मणदूर. पेट्रोल शिराळ्यातच भरा, पुढं फोनच्या रेंजचाही भरवसा नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असतं. इतर वेळीही सुट्टीचा दिवस आणि प्रवेशाची वेळ आधी विचारून घ्या, पहिल्या फेरीला जा, वाटाड्या स्थानिकच घ्या. माणशी दोन लिटर पाणी आणि भाकरी बांधून न्या. कुरकुऱ्यांची पाकिटं घरीच ठेवा, वारा ती थेट घळीत नेतो आणि तिथून काढायला कुणी उतरत नाही.

पावसाळा संपल्या संपल्या गेलात तर घळीत जळवा असतात. पँट मोज्यात खोचा. लागलीच तर ओढू नका, तोंडाशी नख सरकवून सोडवा. तिच्या लाळेमुळं रक्त गोठत नाही, म्हणून ते थोडा वेळ वाहतं. धुवा, दाबून धरा, थांबतं.

अंजनीचा बहर बघायचा असेल तर उन्हाळ्याच्या तोंडाला या. फांदीलाच चिकटून निळेजांभळे झुबके येतात, गाडीतून ते दिसत नाहीत. उतरायची परवानगी असेल तिथं वाटाड्याला सांगून उतरा आणि फांदीजवळ जाऊन बघा.