दिवा लावा, वाट काढा

पूर आला, दरड कोसळली, गणपतीत गर्दी उसळली, तर तुम्ही धावून जाणार हे चौकातल्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली लिहिलेलंच आहे. प्रश्न एवढाच की सिग्नलला थांबलेल्या लोकांना ते कळणार कसं? फ्लेक्स काही गाडीपुढे धावत नाही. त्यासाठी दिवा लागतो, लाल-निळा, लुकलुकणारा, समोरच्याच्या डोळ्यांत घुसणारा. सेवा काय, नंतरही करता येते. दिवा आधी बसवून घ्या.

घरात एखादा भाचा एलएलबी करत असेल तर तो घाबरवेल. म्हणेल, ‘मामा, 1 मे 2017 पासून मंत्र्यांचेसुद्धा दिवे उतरलेत.’ खरं आहे त्याचं. लाल दिव्यांचा सुळसुळाट डिसेंबर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या डोळ्यांवर आला, एप्रिल 2017 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं निर्णय घेतला आणि नेमक्या महाराष्ट्र दिनापासून केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 108 व्या नियमातली मान्यवरांच्या दिव्यांची तरतूदच उडाली. राष्ट्रपती, पंतप्रधान, सरन्यायाधीश, कुणाच्याच गाडीवर तो मानाचा दिवा राहिला नाही. पण यात तुम्ही खचून जाण्यासारखं काय आहे? उलट एवढी मोठी जागा रिकामी झाली म्हणा की.

भाच्याला सांगा, पुढचं वाच. त्याच नियमात लाल, निळ्या आणि पांढऱ्या अशा बहुरंगी दिव्याची सोय शिल्लक आहे. आग विझवायला निघालेल्यांसाठी, कायदा-सुव्यवस्था राखणारे पोलीस, सैन्य आणि निमलष्करी दलांसाठी, आणि आपत्ती निवारणासाठी. भूकंप, पूर, दरड, चक्रीवादळ, त्सुनामी, शिवाय आण्विक, रासायनिक आणि जैविक आपत्ती. एवढ्या लांबलचक यादीत तुमचं काहीच बसू नये? वॉर्डातलं गटार दर पावसाळ्यात तुंबतं, ते रासायनिक की जैविक एवढंच ठरवायचं आहे.

दिवा नेमून दिलेल्या कामावर असतानाच लावायचा, अशी एक किरकोळ अटही तिथं आहे. नेमायचं कुणी, यात वेळ घालवू नका. तुमचं तुम्हीच नेमा. एक संस्था काढा. नावात ‘आपत्ती’, ‘मानवाधिकार’ आणि ‘भ्रष्टाचार’ यांपैकी दोन शब्द आणि त्याआधी ‘अखिल भारतीय’ आलं की पुरे. लेटरहेड छापा, ओळखपत्र लॅमिनेट करा, गळ्यात पट्टा तिरंगी घ्या. राष्ट्रीय अध्यक्ष तुम्ही, महाराष्ट्र अध्यक्ष मेहुणा. सदस्य लगेच नसले तरी बिघडत नाही. आपत्तीला कुठे सदस्य लागतात?

आता खरेदी. ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की पोरगा विचारेल, ‘साहेब, मॅग्नेटवाला देऊ की सक्शनवाला?’ सक्शनवाला घ्या. तो काचेला आतून चिकटतो, लायटरच्या सॉकेटवर चालतो, वायरिंग कापावं लागत नाही आणि मुख्य म्हणजे लांबून ट्रॅफिकचे मामा दिसले की एका हातानं काढून सीटखाली सरकवता येतो. पोरगा खालच्या आवाजात पुढे म्हणेल, ‘हूटरपण देऊ का? सतरा आवाज आहेत.’ नियम 119 अशा बहुसुरी हॉर्नची मोकळीक ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्याच गाड्यांना देतो. तेव्हा सतराच्या सतरा वाजवू नका, दोन-तीनवर भागवा. कायद्याचा मान राखायला हवा. रंग निवडताना मात्र जपा. ॲम्ब्युलन्सच्या लुकलुकत्या दिव्याला जांभळी काच सांगितलेली आहे. चुकून जांभळा दिवा लावलात, तर कुणीतरी खरंच पेशंट आणून मागच्या सीटवर ठेवायचा.

न्यूयॉर्क राज्यातल्या आतेभावाला यातलं काही विचारू नका. त्याच्याकडे स्वयंसेवी अग्निशामकाला स्वतःच्या गाडीवर निळा दिवा लावता येतो, हे खरं. पण त्यासाठी तो खरोखर अग्निशमन दलात असावा लागतो, परवानगीचा कागद लागतो आणि आपत्कालीन बोलावण्यावर निघालेला असतानाच दिवा चालू करायचा असतो. आणि इतकं करून मिळतं काय? काहीही नाही! सिग्नल पाळायचा, वेग पाळायचा, लोकांनी सौजन्यानं बाजू दिली तर जायचं. सिग्नल पाळायचा असेल तर दिवा कशाला लावायचा, हे अमेरिकेला अजून कळलेलं नाही.

तुमच्या आजूबाजूला काही दिवा नसलेली माणसंही दिसतील. त्यांच्या नादी लागू नका. आमच्या भागातला सर्पमित्र घ्या. रात्री अकराला फोन येतो, ‘दादा, लवकर या, बाथरूममध्ये नाग शिरलाय.’ हा अर्धं जेवण टाकून उठतो. स्कूटीच्या पायाशी हुक, पाइप, कापडी पिशवी आणि भोकं पाडलेली बरणी. रिकाम्या चौकात लाल सिग्नलला उभा राहतो आणि तिकडून तीन मिसकॉल येतात. पेट्रोल स्वतःचं. नाग पकडल्यावर लोक आधी सेल्फी काढतात, मग पाणी विचारतात. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा आसपासच्या ट्रेकर पोरांनी पावसात, चिखलात, अंधारात डोंगर चढून माणसं शोधली. वर गाडी जात नव्हती, यंत्रं जात नव्हती. उजेड होता तो डोक्याला बांधलेल्या टॉर्चचा. असल्या दिव्याला रस्त्यात कोण बाजू देणार? शिवाय या लोकांना लेटरहेड छापायलासुद्धा सवड नसते. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खरंच काही नाही.

पोलिसांनी अडवलंच तर काच पूर्ण खाली करू नका, चार बोटं पुरे. ‘ओळखलं नाही का?’ हे वाक्य आरशासमोर घोटून ठेवा. तरी पावती फाडली, तर फाडू द्या. ज्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्यात वेगळी शिक्षा नाही, त्याला कलम 177 आहे, पहिल्या वेळी 500 रुपये आणि पुन्हा सापडलात तर 1500. दिव्याच्या किमतीत धरून चाला. फक्त एक पथ्य पाळा, गाडी फार महागडी नको. 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवाही होता आणि ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटीही. आधी टीव्हीवर गाडी दिसली, मग चौकशी लागली, शेवटी पोलिसांनी गाडीच जप्त केली. तुमच्या जुन्या बोलेरोकडे इतकं लक्ष जायचं नाही.

राहता राहिली खरी ॲम्ब्युलन्स. तिला वाट दिली नाही, तर कलम 194ई खाली 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. म्हणजे आणीबाणीचं सोंग घेतलं तर 500 आणि खऱ्या आणीबाणीला आडवं गेलं तर 10,000. यातला फायद्याचा व्यवहार कुठला, ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा मागून सायरन ऐकू आला की मोठ्या मनानं डावीकडे व्हा, तिला जाऊ द्या आणि लगेच तिच्या मागच्या दाराला चिकटून निघा. दिवा चालू, हूटर बंद, चेहरा गंभीर. लोक पेशंटचे नातेवाईक समजून बाजूला होतील, एखादी म्हातारी हातसुद्धा जोडेल. हॉस्पिटलच्या गेटाशी ॲम्ब्युलन्स आत वळेल. तुम्ही वळू नका, सरळच जा. पुढे टोलनाका आहे, ओळखपत्र हाताशी ठेवा.